दोन रंगांचे गोल विणकाम: मागचा धागा सांभाळून टोपी कशी विणावी

दोन रंगांच्या विणकामातील बिघाड पुढच्या बाजूने दिसत असले, तरी त्यांचे कारण बहुधा कापडाच्या मागे असते. टोपी डोक्यात शिरत नाही, नक्षीच्या पट्ट्यावर चुण्या पडतात, ज्या नक्षीसाठी इतका खटाटोप केला ती थोड्या अंतरावरून दिसेनाशी होते, अशा तक्रारी वारंवार ऐकू येतात आणि प्रत्येक वेळी विणणारी व्यक्ती टाके पुन्हा मोजत बसते. टाके बहुतेक वेळा बरोबर असतात. चुकलेला असतो तो मागून आडवा जाणारा धागा, किंवा सुई हातात घेण्यापूर्वी करायची निवड आणि मोजमाप. म्हणून पुढील टप्प्यांत तयारीला आणि मागच्या धाग्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

येथे सांगितलेली पद्धत अशी: एका फेरीत दोनच रंग घ्यायचे आणि ज्या रंगाचे त्या क्षणी काम नाही, तो धागा कापडाच्या मागून आडवा नेत राहायचे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरचे, फेअर आइल या नावाने ओळखले जाणारे विणकाम याच पद्धतीचे आहे. त्या कापडात एकूण सात-आठ रंग दिसले, तरी पारंपरिक नमुन्यात एका फेरीत दोनच असतात. उदाहरणासाठी ५६ सेंमी घेराच्या डोक्याची, म्हणजे मोठ्या माणसाची टोपी घेतली आहे. सुलट व उलट टाका, सुईवर टाके घालणे, दोन टाके एकत्र विणणे आणि गोलाकार सुईवर विणणे वाचकाला येते, असे येथे गृहीत धरले आहे.

## टप्पा १: नक्षी या पद्धतीला योग्य आहे का, हे पाहावे

धागा मागून आडवा नेण्याची पद्धत लहान आणि सगळ्या फेरीभर पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीसाठी आहे. स्वेटरच्या छातीवर एकच हत्ती किंवा एकच मोठे अक्षर काढायचे असेल, तर ही पद्धत घेऊ नये. हत्तीचा राखाडी धागा बाकीच्या साठ-सत्तर टाक्यांमागून ओढत न्यावा लागेल, आणि कापड जाड, ताठ आणि आखडलेले होईल. अशा एकट्या चित्रासाठी प्रत्येक रंगाच्या भागाला धाग्याचा स्वतंत्र छोटा गुंडा ठेवतात आणि जेथे दोन रंग भेटतात तेथे धाग्यांना एकमेकांभोवती एक वेढा देऊन पुढे जातात. ते विणकाम सपाट, पुढे-मागे ओळी करत करायचे असते. या दोन पद्धतींची गल्लत फार सर्रास होते आणि त्यातून झालेले नुकसान मागाहून भरून निघत नाही.

नक्षीचा आलेख, म्हणजे एका चौकोनात एक टाका दाखवणारा आराखडा, हाती आला की प्रत्येक आडव्या ओळीतील सर्वांत लांब एकरंगी सलग पट्टा मोजावा. तो ५ टाक्यांपर्यंत असेल, तर काम सोपे आहे. ६ किंवा ७ टाके असतील, तर मधे कोठेतरी मागचा धागा अडकवावा लागेल. त्याहून लांब पट्टे वारंवार येत असतील, तर पहिल्या कामासाठी दुसरी नक्षी शोधणे शहाणपणाचे.

तपासणी: आलेखात एकाच ओळीत तिसरा रंग आलेला नाही ना, हे पाहावे. तीन धागे एकाच वेळी मागून नेले तर कापड जाड होते आणि ताण सांभाळणे सरावलेल्या हातालाही जड जाते.

## टप्पा २: लोकर, सुया आणि रंग

या टोपीसाठी डबल निटिंग (डीके) या हलक्या-मध्यम जाडीच्या लोकरीचे ५० ग्रॅमचे तीन गुंडे पुरतात: मूळ रंगाचे दोन, नक्षीच्या रंगाचा एक. दोन्ही रंग एकाच जाडीचे, एकाच प्रकारचे आणि शक्यतो एकाच कंपनीचे असावेत. घरात उरलेल्या गुंड्यांतून एक ॲक्रिलिकचा आणि एक लोकरीचा घेतला, तर विणताना फरक जाणवत नाही. तो पहिल्या धुण्यानंतर जाणवतो, कारण दोन्ही धागे पाण्यात सारखे वागत नाहीत.

आपल्या बाजारात ॲक्रिलिकच्या धाग्यालाही सर्रास लोकरच म्हटले जाते, त्यामुळे वेष्टनावरील घटक वाचावेत. वेष्टन हरवले असेल, तर बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याचे भांडे ठेवून, त्याचे टोक पेटवून पाहता येते: खऱ्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते, तर ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. पहिल्या कामासाठी खरी लोकर घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात, म्हणून मागचे धागे जागेवरून हलत नाहीत, आणि धुतल्यावर टाक्यांतील लहानसहान असमानता बरीच सुधारते. ॲक्रिलिक घसरते आणि असा सुधार फारसा देत नाही. ते घ्यावेच लागले तर मागचा धागा अधिक जवळजवळ अडकवावा.

सुया लागतात त्या अशा: काठासाठी ३.२५ मिमीची आणि नक्षीसाठी ४ मिमीची ४० सेंमी लांबीची गोलाकार सुई, आणि माथ्यासाठी दोन्ही टोके अणकुचीदार असलेल्या ३.७५ मिमीच्या पाच सुयांचा संच. सुया घेताना क्रमांकाऐवजी मिलिमीटर पाहावेत. आपल्याकडे रूढ असलेल्या जुन्या ब्रिटिश क्रमांकांत ४ मिमीची सुई ८ नंबरची आणि ३.२५ मिमीची १० नंबरची असते, म्हणजे क्रमांक वाढला की सुई बारीक होते. अमेरिकी क्रमांकांत नेमके उलटे असते; तेथे ४ मिमीची सुई ६ नंबरची आणि ३.२५ मिमीची ३ नंबरची आहे. परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेल्या सुया किंवा इंटरनेटवरचा नमुना वापरताना येथेच चूक होते.

रंगांची निवड डोळ्यांना आवडले एवढ्यावर करू नये. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले तर दोन्ही उठून दिसतात असे वाटते, पण दोघांची गडदता सारखी असेल तर विणल्यावर नक्षी विरघळून जाते. दोन गुंडे शेजारी ठेवून मोबाइलने कृष्णधवल छायाचित्र काढावे. त्यात एक स्पष्टपणे फिका आणि दुसरा स्पष्टपणे गडद दिसला, तरच ती जोडी घ्यावी. रंग बदलत जाणारा, ठिपक्याठिपक्यांचा धागा दोन्हींपैकी एकाही जागी घेऊ नये. त्यातील फिका भाग फिक्या मूळ रंगाशेजारी आला की तेथील नक्षी तुटते.

सूचना: गडद लाल, गडद निळा आणि काळा धागा पांढऱ्याशेजारी घेण्यापूर्वी रंगाची परीक्षा करावी. हातभर धागा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती कापडात गुंडाळावा आणि वाळेपर्यंत दाबून ठेवावा. कापडावर डाग उतरला, तर तो धागा या कामासाठी वापरू नये.

## टप्पा ३: नमुन्याचा तुकडा

हा टप्पा गाळला जातो आणि टोपी न बसण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. एकरंगी साध्या विणीवर घेतलेले माप येथे चालत नाही, कारण मागच्या धाग्यामुळे कापड आत ओढले जाते. सपाट, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट असे विणून घेतलेले मापही चालत नाही, कारण बहुतेकांचे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा सैल असतात आणि गोल टोपीत उलट टाके जवळजवळ येतच नाहीत.

गोल विणकामाचे माप सपाट तुकड्यावर घेण्याची युक्ती अशी आहे. ४ मिमीच्या गोलाकार सुईवर ४० टाके घालावेत. प्रत्येक कडेचे २ टाके दोन्ही धागे एकत्र धरून विणावेत आणि मधल्या ३६ टाक्यांवर पुढे टप्पा ६ मध्ये दिलेली नक्षी घ्यावी. ओळ संपली की काम उलटू नये. टाके सुईच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवावेत, दोन्ही धागे तुकड्याच्या मागून सैल आणावेत, म्हणजे तुकडा सपाट पसरूनही ते ताणले जाणार नाहीत, आणि पुन्हा उजवीकडून सुलट ओळ सुरू करावी. १२ ओळींची नक्षी तीनदा विणून टाके मिटवावेत. मागे लोंबणारे लांब धागे मधोमध कापले तरी चालते.

तुकडा धुऊन, न ताणता सपाट वाळवून मगच मोजावा. कडेचे चार-चार टाके सोडून मधल्या भागावर मोजपट्टी ठेवावी. आपल्याला १० सेंमी रुंदीत २४ टाके आणि १० सेंमी उंचीत साधारण २६ ओळी हव्या आहेत.

दोन टाक्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब पाहावा. २४ टाके आले तर १२० टाक्यांची टोपी ५० सेंमी घेराची होते. २६ आले तर तीच टोपी ४६ सेंमीची होते आणि डोक्यात जात नाही. २२ आले तर ५४.५ सेंमीची होऊन डोळ्यांवर उतरते. टाके जास्त आले तर एक माप जाड सुई, कमी आले तर एक माप बारीक सुई घेऊन तुकडा पुन्हा विणावा. हात मुद्दाम सैल किंवा घट्ट करून माप जुळवू नये, कारण चौथ्या-पाचव्या फेरीनंतर हात आपल्या मूळ सवयीवर जातोच.

तपासणी: तुकडा दोन्ही हातांनी आडवा ताणावा. तो थोडा ताणला जाऊन परत आला पाहिजे. दोरीने बांधल्यासारखा एकदम थांबत असेल, तर मागचे धागे आखूड आहेत आणि सुई बदलून हा दोष जाणार नाही. टप्पा ६ मधील टाके पसरण्याची कृती आधी या तुकड्यावर गिरवावी.

## टप्पा ४: टाक्यांचा हिशेब आणि आलेख

टोपी डोक्यापेक्षा सुमारे ५ ते ६ सेंमी लहान असावी लागते, तरच ती घट्ट बसते. ५६ सेंमी डोक्यासाठी ५० सेंमी टोपी, आणि ५० सेंमीसाठी १२० टाके. आपली नक्षी ६ टाक्यांनी पुन्हा येते. १२० ला ६ ने नि:शेष भाग जातो, म्हणून फेरीत नक्षी बरोबर २० वेळा बसते. दुसरे माप काढताना टाक्यांची संख्या नेहमी नक्षीच्या पटीत आणावी, उरलेले दोन-तीन टाके पाठीमागे जातील अशा भरवशावर राहू नये. नक्षी तेथे तुटलेली दिसते.

आलेख खालून वर वाचायचा असतो. गोल विणकामात प्रत्येक फेरी उजवीकडून डावीकडे वाचावी. सपाट विणताना मात्र सुलट ओळ उजवीकडून आणि उलट ओळ डावीकडून वाचावी लागते, आणि ज्यांनी आधी सपाट स्वेटर विणले आहेत त्यांचा हात सवयीने दुसरी फेरी उलट दिशेने वाचू लागतो. विणत असलेल्या ओळीच्या लगेच वर कागदाची पट्टी ठेवावी. खाली ठेवली तर नुकतीच विणलेली ओळ झाकली जाते, आणि नवीन टाका खालच्या कोणत्या टाक्यावर येतो हे पाहण्याची सोय जाते.

## टप्पा ५: काठ

१. ३.२५ मिमीच्या सुईवर मूळ रंगाने १०८ टाके घालावेत. टाके घालण्याची कड लवचीक असावी. हात घट्ट असेल तर टाके ४ मिमीच्या सुईवर घालून पहिल्या फेरीत बारीक सुई घ्यावी.

२. फेरी जोडण्यापूर्वी सगळ्या टाक्यांची खालची कड सुईच्या आतल्या बाजूला एकसारखी आली आहे का, हे पूर्ण घेरभर पाहावे. एक पीळ राहिला, तर तो पुढे उलगडत नाही आणि सगळे काम उसवावे लागते.

३. फेरीच्या सुरुवातीला वेगळ्या रंगाची खूण घालून २ सुलट, २ उलट अशी वीण ५ सेंमी विणावी.

४. ४ मिमीची सुई घेऊन एक सुलट फेरी विणावी आणि तीत दर ९ टाक्यांनंतर १ टाका वाढवावा. १२ टाके वाढून १२० होतील. त्यानंतर एक साधी सुलट फेरी विणावी.

काठ एकाच रंगात ठेवावा. दोन रंगांचा काठ दिसतो सुंदर, परंतु त्याची लवचीकता बरीच कमी होते, आणि टोपी डोक्यावर धरून ठेवण्याचे काम काठाचेच आहे.

तपासणी: टाके मोजून १२० आहेत याची खात्री करावी. मग दर २४ टाक्यांवर एक खूण घालावी. प्रत्येक दोन खुणांमध्ये नक्षी चार वेळा बसते, त्यामुळे पुढे चूक झाली तर ती २४ टाक्यांच्या आतच सापडेल.

## टप्पा ६: नक्षी

नक्षी १२ फेऱ्यांची आहे. खाली "मू" म्हणजे मूळ रंग आणि "न" म्हणजे नक्षीचा रंग. प्रत्येक फेरीत दिलेले ६ टाके २० वेळा विणावेत.

फेरी १: १ न, ५ मू
फेरी २: २ न, ३ मू, १ न
फेरी ३: ३ न, १ मू, २ न
फेरी ४: फेरी २ प्रमाणे
फेरी ५: फेरी १ प्रमाणे
फेरी ६: सर्व टाके मू
फेरी ७: ३ मू, १ न, २ मू
फेरी ८: २ मू, ३ न, १ मू
फेरी ९: १ मू, ५ न
फेरी १०: फेरी ८ प्रमाणे
फेरी ११: फेरी ७ प्रमाणे
फेरी १२: सर्व टाके मू

या १२ फेऱ्या दोनदा विणल्या की एकमेकींच्या मधल्या जागेत बसणाऱ्या चौकटींच्या चार रांगा तयार होतात आणि काठासह टोपीची उंची सुमारे १५ सेंमी होते. कोणत्याही फेरीत सलग पट्टा ५ टाक्यांहून लांब नाही. ५ टाके म्हणजे आपल्या मापाने सुमारे २ सेंमी. खऱ्या लोकरीत एवढा मागचा धागा अडकवण्याची गरज नसते. सहाव्या फेरीत नक्षीचा धागा लागत नाही. तो कापू नये. फेरीच्या सुरुवातीला मागे लोंबता ठेवावा आणि सातव्या फेरीत सैलपणे वर आणून वापरावा.

### धागे धरण्याची जागा ठरवावी आणि ती शेवटपर्यंत बदलू नये

मागून जाणाऱ्या दोन धाग्यांपैकी एक नेहमी वर असतो आणि एक खाली. खालून येणाऱ्या धाग्याला टाक्यापर्यंत थोडे अधिक अंतर कापावे लागते, म्हणून त्याचे टाके किंचित मोठे होऊन पुढे उठून दिसतात. नक्षी उठून दिसायला हवी असल्याने नक्षीचा धागा नेहमी खालून आला पाहिजे.

सर्वांत सोयीची मांडणी म्हणजे मूळ रंग उजव्या हातात आणि नक्षीचा रंग डाव्या हातात. उजव्या हातातील धागा सुईवर फेकून विणायचा, डाव्या हातातील धागा सुईच्या टोकाने उचलून विणायचा. अशा मांडणीत डावा धागा आपोआप खालून येतो आणि दोन्ही धागे एकमेकांत गुंतत नाहीत. आपल्याकडे बहुतेकांना उजव्या हातानेच धागा फेकण्याची सवय असते. डावा हात पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत अवघडतो, पण नक्षीच्या रंगाचे टाके तुलनेने कमी असल्याने त्याला शिकायला वेळ मिळतो. हे जमतच नसेल तर दोन्ही धागे उजव्या हाताने घेता येतात; मात्र प्रत्येक वेळी मूळ रंग दुसऱ्या धाग्याच्या वरून आणि नक्षीचा रंग खालून उचलावा, आणि एक गुंडा डावीकडे, दुसरा उजवीकडे ठेवावा.

सूचना: फेरीच्या मधे उठावे लागले, तर परत आल्यावर कोणता धागा कोणत्या हातात होता याची खात्री मागची बाजू पाहून करावी. अदलाबदल झाली, तर तेवढ्या फेऱ्यांत नक्षी फिकी पडल्यासारखी दिसते, आणि त्याचे कारण नंतर लक्षात येत नाही.

### टाके पसरावेत, मगच रंग बदलावा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ती ही. विणलेले टाके उजव्या सुईवर एकमेकांना चिकटून दाटीने बसतात. त्या दाटीतच नवीन रंगाने पुढचा टाका विणला, तर मागचा धागा दाटीच्या मापाचा, म्हणजे आखूड पडतो; सुईवरून उतरल्यावर टाके आपली खरी रुंदी मागतात, धागा ती देत नाही आणि चुणी पडते. म्हणून रंग बदलण्यापूर्वी दर वेळी नुकतेच विणलेले चार-पाच टाके उजव्या सुईवर बोटाने मागे सरकवून कापडाच्या खऱ्या रुंदीइतके पसरावेत, नवीन रंगाचा धागा त्यांच्या मागून सपाट न्यावा आणि मग टाका विणावा. नवीन रंगाचा पहिला टाका विणल्यावर धागा घट्ट ओढून घेण्याचा मोह होतो, कारण तो टाका थोडा सैल दिसतो. तो ओढू नये. त्याचा सैलपणा पुढच्या टाक्यांत आणि धुतल्यावर मुरतो.

धागा फार सैल सोडला तरी दोष येतो: नक्षीच्या कडेचे टाके लोंबकळतात आणि आत फासे राहतात. योग्य धागा कापड सपाट असताना सरळ पडतो, आणि कापड हलके ताणल्यावर लगेच अडत नाही.

ज्यांचा हात फारच घट्ट आहे, त्यांनी कामाची मागची बाजू बाहेर करून, म्हणजे विणलेली नळी उलटी ठेवून, पलीकडच्या कडेवर विणावे. टाके सुलटच राहतात, पण मागचा धागा नळीच्या बाहेरून जातो आणि त्याला आपोआप थोडे जास्त अंतर कापावे लागते. हातमोजे आणि पायमोजे यांसारख्या लहान घेराच्या कामात ही युक्ती फार उपयोगी आहे.

### धागा अडकवणे

या टोपीत गरज नसली तरी ॲक्रिलिक वापरताना, किंवा ६-७ टाक्यांचे पट्टे असलेल्या नक्षीत, हे लागेल. मूळ रंगाने विणत असताना डाव्या हातातील नक्षीचा धागा अडकवायचा असेल, तर उजवी सुई टाक्यात घालून डावा धागा तिच्या टोकावरून आडवा ठेवावा, उजव्या धाग्याने नेहमीसारखा टाका विणावा आणि डावा धागा टाक्यातून बाहेर येऊ देऊ नये. पुढचा टाका डावा धागा पुन्हा खाली घेऊन विणला की तो मागे पकडला जातो. दोन्ही धागे एकाच हातात असतील, तर दोन टाक्यांच्या मधे त्यांना एकमेकांभोवती एक वेढा द्यावा. एकदा वेढा डावीकडून दिला तर पुढच्या वेळी उजवीकडून द्यावा, म्हणजे गुंड्यांची गुंतवळ होत नाही.

अडकवण्याची जागा पट्ट्याच्या मधोमध असावी, पण सलग दोन फेऱ्यांत एकावर एक येऊ नये. तशी आली तर गडद धागा फिक्या टाक्यांमधून उभ्या रेघेसारखा डोकावतो. दर दुसऱ्या टाक्याला अडकवत जाणेही चूकच आहे. कापड ताठ होते आणि पुढून ठिपके दिसतात. याला एकच अपवाद करावा: तान्ह्या मुलांच्या कपड्यांत, विशेषतः हातमोजे-पायमोजे आणि बाह्यांत, धागा दर तिसऱ्या टाक्याला अडकवावा किंवा आतून मऊ अस्तर लावावे. मागच्या सैल धाग्यात बाळाचे बोट अडकून त्याला वेढा बसण्याचा धोका खरा आहे, आणि तेथे दिसण्यापेक्षा सुरक्षितता पाहावी.

तपासणी, प्रत्येक फेरीनंतर: प्रत्येक खुणेपाशी नक्षी पूर्ण झाली आहे का, चौकटीचे टोक खालच्या टाक्याच्या बरोबर वर आले आहे का, आणि काम सुईवर पसरल्यावर घेर आखडतो आहे का, या तीन गोष्टी पाहाव्यात. पाच फेऱ्या झाल्या की सुईवरील टाके एका जाड दोऱ्यावर घेऊन टोपी डोक्यावर घालून पाहावी. बदल करायचा तर तो आत्ताच, कारण सैल किंवा घट्ट झालेला पट्टा पुढच्या पट्ट्यांनी झाकला जात नाही.

फेरीच्या सुरुवातीला नक्षी एका ओळीने सरकलेली दिसते. गोल विणकाम खरे तर मळसूत्रासारखे वर चढत असल्याने हे होणारच. ती जागा डोक्याच्या मागे ठेवावी.

## टप्पा ७: माथा

माथा मूळ रंगात विणावा. नक्षीचा धागा १५ सेंमी शेपूट ठेवून कापावा. एकरंगी फेऱ्या नक्षीच्या फेऱ्यांपेक्षा सैल पडतात, म्हणून ३.७५ मिमीच्या सुया घ्याव्यात. चार सुयांवर टाके वाटून पाचवीने विणावे.

१. १० सुलट, २ एकत्र. हे १० वेळा. ११० टाके राहतील. मग एक साधी फेरी.

२. ९ सुलट, २ एकत्र, १०० टाके. साधी फेरी. असेच दर घटीच्या फेरीत मधला एक-एक टाका कमी करत, मधे साधी फेरी घेत ६० टाक्यांपर्यंत यावे आणि त्यानंतरही एक साधी फेरी विणावी.

३. येथून साधी फेरी न घेता दर फेरीत १० टाके घटवावेत. १० टाके उरले की धागा २० सेंमी ठेवून कापावा, शिवणसुईने सर्व टाक्यांतून दोनदा ओवून घट्ट ओढावा आणि आत पक्का करावा.

## टप्पा ८: टोके लपवणे, धुणे, वाळवणे

धाग्यांची टोके त्याच रंगाच्या टाक्यांमागे लपवावीत. गडद टोक फिक्या भागामागे नेले, तर ते पुढून दिसते. गाठ मारून आखूड कापू नये, कारण टोपी ताणली की गाठ पुढे येते.

खऱ्या लोकरीची टोपी कोमट पाण्यात, लोकरीसाठीचा सौम्य साबण घालून, २० ते ३० मिनिटे भिजत ठेवावी. चोळू नये आणि गरम पाणी वापरू नये. दोन्हींमुळे तंतू एकमेकांत अडकून लोकर आटते. पाणी दाबून काढावे, पिळू नये. नंतर टोपी टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर हाताने दाब द्यावा, मागचे धागे आतून बोटाने सपाट करावेत आणि १६ ते १७ सेंमी व्यासाच्या पालथ्या घातलेल्या भांड्यावर ती वाळत घालावी. काठ भांड्यावर ताणून बसवू नये, नाहीतर त्याची पकड जाते. कोकणात किंवा पावसाळ्यात कोठेही, दुहेरी कापड वाळायला दोन दिवसही लागतात. पंख्याखाली ठेवावी आणि पूर्ण वाळल्याखेरीज कपाटात ठेवू नये.

सूचना: ॲक्रिलिकवर इस्त्री किंवा वाफ देऊ नये. उष्णतेने त्याचा फुगीरपणा कायमचा जातो आणि काठ लवचीक राहत नाही.

## बिघाड दिसल्यास

एखादा टाका चुकीच्या रंगाचा झाला असेल, तर उसवण्याची गरज नाही. शिवणसुईत योग्य रंगाचा धागा ओवून त्या टाक्याच्या वाटेने, त्याच्यावरूनच दुसरा टाका भरावा. सलग पाच-सहा टाक्यांपर्यंत ही दुरुस्ती ओळखू येत नाही. त्याहून मोठ्या भागावर मात्र कापड तेवढ्याच जागी जाड लागते.

एका खुणेनंतर सगळी नक्षी एका टाक्याने सरकली असेल, तर त्या फेरीपर्यंत उसवावे. उसवताना सुई ओढून काढू नये. टाका टाका करत डाव्या सुईवर परत घ्यावा आणि ज्या रंगाचा टाका सुटला त्याचा धागा लगेच त्याच्या गुंड्याच्या बाजूला टाकावा.

नक्षीत छिद्रे दिसत असतील, तर रंग बदलताना धागा फार सैल सुटला आहे. आतून शिवणसुईच्या टोकाने जास्तीचा धागा शेजारच्या दोन-तीन टाक्यांत वाटून द्यावा. चुण्या असतील, तर धुऊन, भांड्यावर थोडी ताणून वाळवल्यावर किरकोळ चुण्या जातात. मागचा धागा अगदीच आखूड असल्याने पडलेल्या चुण्या धुण्याने जात नाहीत, आणि तो धागा आतून कापून सैल करण्याचा प्रयत्न केला तर टाके सुटू लागतात. तो पट्टा उसवून, टाके पसरत पुन्हा विणावा. उसवलेली लोकर आधी लडी करून ओली करावी आणि वाळवून सरळ झाल्यावर वापरावी, कारण कुरळा राहिलेला धागा टाक्यांचे माप बिघडवतो.